घरचं विरजण

मानवतच्या थोडं बाहेर एक लहानशी डेअरी आहे. तिथं मी जंतू तपासायचं काम करते. दही, ताक, श्रीखंड, पनीर, जे काही तयार होईल त्यातला चमचाभर माल काढायचा, त्यात नको ते जंतू आहेत का बघायचं आणि सांगायचं. घरी आलेले पाहुणे विचारतात, "म्हणजे दुधात पाणी किती घातलंय ते का?" पूर्वी मी तासभर समजावून सांगायचे. आता हो म्हणते आणि चहाचं आधण ठेवते.

माझ्या नाकावर राग असतो असं डेअरीतले सगळे म्हणतात. असतोच. या कामात तो नसला तर माणूस झोपून जाईल. कारण हे काम मुळात वाट बघायचं आहे. जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या बशीत त्यांच्यासाठी खाणं ओतायचं, वर ताकाचे थेंब सोडायचे, बशी उबेला ठेवायची आणि त्यांची पिलावळ ठिपक्याएवढी वाढेपर्यंत थांबायचं. आज ठेवलेली बशी उद्या बोलते, कधी परवा बोलते. ताक तोवर कुठं थांबायला बसलंय? ते पोटात जाऊन, जिरून मोकळं झालेलं असतं. वर्षानुवर्षं मी वरातीमागून घोडं दामटत आले. माझा रिपोर्ट बरोबर असायचा आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसायचा.

एकदा तर गावातल्याच एका बारशाला आमचं श्रीखंड गेलं आणि अर्धी गल्ली आजारी पडली. बशीवर ठिपके उगवले ते बाळाचं नाव ठेवून झाल्यावर, बायाबापड्या सलाईन लावून दवाखान्यातून परत आल्यावर. आमचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, घरोघर जाऊन हात जोडून आले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आवाज कधी चढत नाही असा हा माणूस. त्या दिवशी परत आल्यावर माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "म्याडम, ह्याच्यापेक्षा लौकर कळायचं काहीच न्हाई का जगात?" मी म्हटलं, आहे, मी केव्हापासून तेच सांगतेय. दुधानं तोंड पोळल्यावर अप्पा ताक फुंकून प्यायला तयार झाले आणि आमच्याकडं ती पेटी आली.

पेटी म्हणजे एक छोटा गरम राहणारा डबा. त्यात बोटाएवढ्या काचेच्या नळ्या उभ्या राहतात. नळीत पिवळं औषध असतं, त्यात माल टाकायचा. दह्यातले आपले नेहमीचे, चांगले जंतू त्या औषधाला ओळखू येत नाहीत. पण घाणीतून, अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या हातातून येणारे जंतू असले की पिवळं औषध जांभळं होतं. सकाळी ठेवलेली नळी दुपार कलेपर्यंत बोलते. पहिल्या दिवशी अप्पांनी पेटीवर विभूतीची तीन बोटं ओढली, मी ती पुसली नाहीत. दिवसामागून दिवस नळ्या पिवळ्या राहत होत्या आणि मला पहिल्यांदाच घरी जाऊन नीट जेवण जायला लागलं होतं.

आता मावशींचं सांगायला हवं. भरणीच्या खोलीत, म्हणजे जिथं ताक पिशव्यांत आणि कॅनमध्ये भरतात तिथं, मावशींचं राज्य. माझ्याही आधीपासून त्या तिथं आहेत. जिंतूरकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येतात. स्वच्छतेला कडक. नवी आलेली एखादी बाई बांगड्या न काढता खोलीत शिरली तर तिला दारातूनच परत फिरवतात. आमचं दोघींचं जमायचं, पण एका गोष्टीवरून रोज वाजायचं. डेअरीत दूध विरजतात ते पाकिटातल्या पांढऱ्या भुकटीनं. मावशींना त्या भुकटीचा मनस्वी तिटकारा.

"निस्तं आंबट व्हतंय ह्यानं," त्या म्हणायच्या. "चव कुठाय? इरजण म्हंजे घरचं पायजे."

त्यांच्या घरचं विरजण त्यांना त्यांच्या आईनं दिलेलं. लग्न होऊन निघताना पितळी लोटीत, वरून ओलं फडकं बांधून, ओटीतच घातलेलं. आईला तिच्या आईनं दिलेलं. त्या घराची पद्धतच होती, लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर विरजणाची लोटी जायची. सोनं कमी-जास्त चालायचं, लोटी चुकायची नाही. रोजच्या दुधाला लावायचं आणि त्यातलंच थोडं उद्यासाठी राखायचं, असं ते चालत आलेलं. घरात कुणी गेलं, सुतक आलं, दुष्काळात जनावरं विकली, तरी शेजारणीच्या घरी नेऊन ते जिवंत ठेवलेलं. गल्लीतल्या सगळ्या बाया त्यांच्याकडूनच विरजण न्यायच्या, दिवेलागणीच्या आत. दिवे लागल्यावर मावशी कुणाला देत नसत.

मी चिडवायचे, "मावशी, तुमच्या लोटीत किती गावचे जंतू नांदतात ते एकदा मोजून देऊ का?"

"मोजू नका बगा," त्या म्हणायच्या. "नजर लागंल."

त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगी सेलूला द्यायची होती. लग्न मावशींच्याच गावात, मांडव दारातच. अप्पांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "पंगतीचं ताक आपल्या डेअरीचं. तेवढा आहेर माझा." मावशींचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्यासाठी मनापासून बरं वाटलं. अख्ख्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नाचं ताक भरलं होतं. पत्रिकेआधी त्यांनी गावात सांगितलं ते ताकाचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ताक घुसळून झालं. टाकीच्या तळाशी नळ आहे, माल तिथूनच भरतात आणि नमुनाही आम्ही नेहमी तिथूनच घेतो. तो घेतला, एक बशी उबेला ठेवली आणि नळ्या पेटीत ठेवल्या. मावशींना सुट्टी होती, घरी हळद होती, तरी दुपारी त्या आल्याच. कॅन स्वतःच्या डोळ्यांनी टेम्पोत चढलेले बघायचे होते. हाताला, गालाला हळद, अंगावर नवी साडी. कॅन भरून दारात उभे. टाकी तोवर रिकामी होऊन धुऊनसुद्धा झालेली.

मी पेटीचं झाकण उघडलं. नळी जांभळी होती. शेजारची दुसरी, त्याच ताकाची, तीही जांभळी.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घोडं वरातीच्या आधी पोचलं होतं. माल अजून दारात होता, कुणाच्या पोटात नव्हता. मग दारातून मावशींचं हसणं ऐकू आलं. नळी हातात धरून मी तशीच अप्पांकडं गेले.

"ताक जाणार नाही," मी म्हटलं.

अप्पांनी नळी उजेडाकडं धरून बघितली. "पेटी चुकत असंल का?" ते म्हणाले. "रोज पिवळी असती. आजच काहून?"

प्रश्न रास्त होता. रोज जे होतं तेच आज होतं. तेच दूध, तीच भुकटी, त्याच बाया. टेम्पोवाला, भरणीतल्या बाया, सगळे जमा झाले. मी म्हटलं, "कशानं ते मला आत्ता सांगता येणार नाही. आहे एवढं नक्की. उद्या बशीत उगवेल तेव्हा बघू." अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग दारातल्या मावशींकडं. उद्या पंगत होती. ती काही बशी उगवायची वाट बघत थांबणार नव्हती. "म्याडम, कारण सांगा," अप्पा म्हणाले. "नुसत्या रंगावरून मी ह्या बाईच्या लग्नातलं ताक कसं ओतू?"

तेव्हा मावशी पुढं आल्या.

"मी घातलंय, अप्पा," त्या म्हणाल्या. "काल सांजच्याला. लोटीतलं थोडं. घरचं इरजण."

मावशींचे हळदीचे हात एकमेकांत गुंतले होते. त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "दूध तर डेरीचंच हाय. भुकटीबी घातलीच व्हती. मी म्हणलं, लेकीच्या पंगतीत आईच्या घरचं ताक जावं. लय न्हाई, चमचाभरच व्हतं."

अप्पा खुर्चीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "मला सांगायचं तरी, मावशे." आणि मग म्हणाले, "ओता."

आमच्याकडं दूध-ताक मोरीत ओतणं कुणालाच सहन होत नाही. उतू गेलेल्या दुधालासुद्धा लोक हात जोडतात. बायांनी तोंडं फिरवली. पहिला कॅन मावशींनी स्वतः आडवा केला. पांढरं ताक हळदीच्या हातांवरून, नव्या साडीच्या काठावरून गटारीकडं गेलं. मी त्यांना बाजूला घ्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या म्याडम. माझंच हाय ते."

मला तेव्हा शंका आली नाही. कुणालाच आली नाही. प्रश्न विचारला आणि लगेच उत्तर समोर येऊन उभं राहिलं, तेही स्वतःच्या तोंडानं कबूल करत. दोन्ही एकमेकांना इतकं चपखल बसलं की सगळ्यांना हायसं वाटलं. अप्पांना पेटीवरचा विश्वास परत मिळाला, बायांना वाटलं आपल्यावरचं बालंट टळलं. टेम्पोवाला रिकामा टेम्पो घेऊन निघाला आणि वाटेवरच त्याच्या ओळखीच्या एका हॉटेलात चहाला थांबला, तिथं सगळं सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेले. जायलाच हवं होतं. मावशींच्या गावात उतरले तर माझ्याआधी बातमी पोचलेली. पाण्याच्या टाकीपाशी दोन बाया बोलत होत्या, "तिच्या इरजणानं डेरीचा सगळा माल नासला म्हन्तेत. दवाखान्यात हायेत म्हणं लोकं." कुणी ते ताक प्यायलंच नव्हतं. मी थांबून तसं सांगितलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि मी पुढं गेल्यावर परत कुजबुज सुरू झाली. मला इतका संताप आला की मांडवात पोचेपर्यंत माझे कान तापले होते. पेटीला निदान दुपारपर्यंतचा वेळ लागतो. माणसांच्या तोंडाला तेवढाही लागत नाही.

पंगतीत ताक नव्हतं. पाणी वाढलं. वऱ्हाडातला कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ताक लय चांगलं व्हतं म्हणे इथलं!" आणि चार माणसं हसली. मावशी वाढत होत्या त्या वाढतच राहिल्या. माझ्या पानावर भात वाढताना त्या म्हणाल्या, "पोटभर जेवा बरं, म्याडम."

पाठवणीची वेळ आली. मुलगी आईच्या गळ्यात पडली, रडारड झाली. मग मावशी आत गेल्या आणि लोटी आणून तिच्या ओटीत घातली. फडकं नव्हतं. लोटी चिंचेनं घासून लखलखीत केलेली आणि रिकामी. घरच्या मडक्यातलं होतं-नव्हतं तेवढं विरजण त्यांनी पहाटेच लिंबाच्या बुडात ओतून टाकलं होतं, मडकं उन्हात पालथं घातलं होतं. मुलीनं ओटीतल्या लोटीत डोकावून बघितलं. मग आईकडं बघितलं.

"शेजारणीकडनं घे मागून, बाई," मावशी म्हणाल्या. "आपल्या घरचं न्हाई चालत आता."

मुलगी लोटी पोटाशी धरून गाडीत बसली. मी मांडवाच्या खांबाआड उभी होते. रडू आलं ते पदरानं पुसलं आणि मिळेल त्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी बशी उघडली. ठिपके होते. म्हणजे पेटी खरी बोलली होती. मी ती बशी अप्पांना दाखवली. ते म्हणाले, "वाचलो म्हणायचं." आम्ही वाचलो होतो हे खरंच होतं. न झालेला आजार कुणाला दाखवता येत नाही, त्यामुळं त्याचं कौतुकही कुणी करत नाही. मावशी कामावर आल्या आणि आल्या तशा हात धुवायला गेल्या. त्या दिवसापासून मी भरणीच्या खोलीजवळून गेले की त्या परत हात धुवायच्या, कोपरापर्यंत, खरवडून. मी सांगितलं, पुरे. त्या म्हणाल्या, "बरं." आणि धुत राहिल्या.

मग एका दुपारी नळी परत जांभळी झाली.

साधंच ताक होतं ते, पिशव्यांत भरायचं. कुणाची लोटी नाही, कुणाचं लग्न नाही. या वेळी टाकीत माल होता. मी वरून, झाकण उघडून, उकळलेल्या डावानं एक नमुना घेतला आणि एक नेहमीसारखा खालच्या नळातून. वरची नळी पिवळीच राहिली. खालची जांभळी झाली. फिटरला बोलावलं, नळाचा जोड उघडायला लावला. आत रबराचं वायसर होतं, ते एका बाजूनं चिरलेलं. चिरेत जुनं दूध बसून कुजलेलं, पिवळट, वास येणारं. कधी त्यातलं सुटून मालात जायचं, कधी नाही.

"हे आजचं न्हाई," फिटर वायसर दोन बोटांत धरून म्हणाला. "लय दिसापासून चिरलेलं हाय."

मी ते वायसर तसंच वाटीत घालून अप्पांकडं नेलं आणि मग अप्पांना घेऊन भरणीच्या खोलीत आले. सगळ्या बायांसमोर सांगितलं. ज्यांच्यासमोर मावशींची मान खाली गेली त्यांच्यासमोरच ते सांगायला हवं होतं. अप्पांनी हात जोडले. "मावशे, चूक आमच्या टाकीची व्हती," ते म्हणाले. मावशींनी वाटीतलं रबर बघितलं. हातात घेऊन चीर उघडून बघितली.

"मग माझ्या इरजणात काई नव्हतं?" त्यांनी मला विचारलं.

इथं मला हो म्हणता आलं नाही. बशीतले ठिपके वायसरमधले की लोटीतले, हे ठिपक्यांना विचारता येत नाही. बहुतेक वायसरमधलेच. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे आणि हा शब्द त्या वेळी माझ्या तोंडात कडू लागला. मी म्हटलं, "मावशी, उद्या चमचाभर घेऊन या. दुपारपर्यंत सांगते. अगदी नक्की सांगते."

"कुठलं आणू?" त्या म्हणाल्या. "ओतलं की समदं."

"शेजारी असेल ना. सगळी गल्ली तुमचंच लावायची."

मावशींनी वायसर वाटीत ठेवलं. "गेल्ते की," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर चार दिसांनीच गेल्ते. मला करमंना. म्हणलं, कुणाकडं तरी असंल, मागून आणावं. घर अन् घर फिरले. समद्यांनी ओतून टाकलंय. हळदीच्या रातीच. कुणी ठिवलं न्हाई." मग त्यांनी कुणाला दोष लागू नये म्हणून घाईनं भर घातली, "लेकराबाळांची घरं हायेत. भेत्यातच माणसं."

माझा राग तेव्हा कुणावर होता ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या चिरलेल्या रबरावर होता, जिभेला हाड नसलेल्या टेम्पोवाल्यावर होता. पेटीवर तर सगळ्यात जास्त. ती घाण आहे एवढं सांगते आणि गप्प बसते. कुठून आली ते सांगत नाही. ती गप्प बसली की माणसं बोलायला लागतात, आणि जवळ जी गरीब, खरं बोलणारी बाई उभी असेल तिच्या नावावर घाण लावून टाकतात. मी अप्पांना सांगून खालून-वरून दोन्हीकडचे नमुने घ्यायची पद्धत पाडली. वायसर आता दर महिन्याला बदलतात. आमचा माल तेव्हापासून चांगला आहे.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी कपाट बंद करत होते, तेव्हा मावशी दारात आल्या. हातात पिशवी. लेकीला भेटायला सेलूला निघाल्या होत्या.

"म्याडम, ते भुकटीचं एक पाकीट द्याल का?" त्या म्हणाल्या. "पोरीला न्यायचंय. तिची लोटी अजून रिकामीच हाय. सासूच्या घरी दही इकत आणत्यात."

मी थंड कपाटातून पाकीट काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. कसं लावायचं, दूध किती कोमट हवं, ते सांगायला लागले. त्या ऐकत नव्हत्या. पाकीट उलटंपालटं करून बघत होत्या.

"हे तपासलेलं असतंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी ते पिशवीत, साडीच्या घडीखाली ठेवलं आणि सेलूची गाडी चुकेल म्हणून भराभर निघून गेल्या.